ओळखा पाहू: चरित्रातल्या खुणांवरून माणूस कसा शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचन भरपूर आहे, इतिहासाची आवड आहे, पण क्विझमध्ये ‘ही ऐतिहासिक व्यक्ती ओळखा’ हा राउंड सुरू झाला की पहिल्या तीन-चार खुणांपर्यंत डोकं कोरं राहतं. शेवटची खूण आली की सगळ्या हॉलला येतं, तेव्हा तुम्हालाही येतं. यावर काय करायचं, आणि असे प्रश्न स्वतः काढायचे झाले तर कसे काढायचे? सोबत तुम्ही अडलात तो एक प्रश्नही दिलाय. आधी तोच घेतो, कारण तुमचं नेमकं कुठे अडतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

प्रश्न असा होता. पहिली खूण: आफ्रिकेत जन्म, लहान वयात गुलाम म्हणून विक्री, पुढे परक्या मुलखात सैन्याचं नेतृत्व. दुसरी: ज्याने शेवटी विकत घेतलं तोही एके काळी गुलामच होता. तिसरी: एका बादशहाने या माणसाच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्र काढवून घेतलं, प्रत्यक्षात मात्र हा माणूस त्याच्या हाती कधीच लागला नाही. चौथी: याने वसवलेल्या शहराचं नाव पुढे बदलत गेलं. पाचवी: गनिमी काव्याने मुघलांना दख्खनेत रोखून धरलं. पाचव्या खुणेला तुम्ही ‘मलिक अंबर’ म्हणालात. उत्तर बरोबर, पण ते तिसऱ्या खुणेलाच पक्कं होत होतं.

कसं ते बघा. पहिल्या खुणेवर किती नावं बसतात? तुम्ही लिहिलंय की ‘खूप असतील म्हणून सोडून दिलं’. खूप नाहीत. गुलाम म्हणून विकले गेलेले लाखो होते, पण त्यातून परक्या मुलखात सेनापतीच्या पदाला पोचलेले आणि इतिहासाने नावानिशी लक्षात ठेवलेले मोजकेच. रझियाच्या काळातला हबशी सरदार याकूत सुचेल. रशियात पीटर द ग्रेटच्या पदरी वाढलेला आणि पुढे जनरल झालेला अब्राम हानिबाल सुचेल. कवी पुश्किनचा हा पणजोबा. मलिक अंबर सुचेल. हैतीचा तूसँ लूव्हेर्त्यूर तोंडावर येईल, पण त्याचा जन्म कॅरिबियनमधला, म्हणून तो बाद. बैबार्स इजिप्तमध्ये गुलामाचा सुलतान झाला, पण तो किपचाक तुर्क, म्हणून तोही बाद. राहिली तीन नावं. दुसऱ्या खुणेने हानिबाल जातो, कारण तो थेट झारच्या दरबारात पोचला होता. अंबरला दख्खनेत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान हा स्वतः पूर्वाश्रमीचा गुलाम. हे तुम्हाला माहीत नसलं तरी बिघडत नाही, कारण तिसरी खूण काम पुरं करते. चित्र काढवून घेणारा बादशहा, वैर इतकं जुनं की ते कागदावर भागवून घ्यावं लागलं. असा चित्रांचा षौक असलेला बादशहा म्हटल्यावर जहांगीर आठवायला वेळ लागू नये. अबुल हसनने 1616च्या सुमारास काढलेलं ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. चित्र कधी पाहिलेलं नसलं, तरी ‘जहांगीर आणि हाती न लागलेला आफ्रिकी शत्रू’ एवढ्यावर दुसरं नाव उरत नाही.

तुमचं अडतं ते इथे. नाव आपोआप चमकेल म्हणून तुम्ही वाट बघता आणि ते चमकलं नाही की पुढच्या खुणेची वाट बघता. माझ्या मते खुणेची किंमत एकाच गोष्टीने ठरते: ती किती माणसांना बाहेर काढते. खूण ऐकल्यावर ‘हा कोण?’ हा प्रश्न मागून आला तरी चालेल. ‘आता कोण कोण उरलं?’ हा आधी यायला हवा.

हे आकड्यात बघायचं तर नोबेलचं उदाहरण सोयीचं आहे. ‘दोनदा नोबेल मिळालेली व्यक्ती’ म्हटलं की उरतात फक्त पाच: मेरी क्युरी, लायनस पॉलिंग, जॉन बार्डीन, फ्रेडरिक सँगर आणि बॅरी शार्पलेस. ‘दोन वेगळ्या विषयांत’ म्हटलं की क्युरी आणि पॉलिंग. ‘दोन्ही विज्ञानातली’ म्हटलं की पॉलिंगही गेला, कारण त्याचं दुसरं, 1962चं, शांततेसाठी होतं. एकेक शब्द वाढतो आणि एकेक माणूस उठून जातो. उलट ‘लहानपणी हलाखीत दिवस काढले’, ‘वडील लवकर वारले’, ‘समकालीनांनी कदर केली नाही’ या खुणा कानाला गोड लागतात आणि कुणालाच बाहेर काढत नाहीत. त्या ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. प्रश्न काढणाऱ्यालाही त्या रिकाम्या आहेत हे माहीत असतं. वेळ भरून काढायला त्या टाकलेल्या असतात.

आता दुसरी सवय, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पॉइंट हीच वाचवते. नाव सुचलं की बझरवर हात नेण्याआधी त्याच खुणांवर बसणारं दुसरं नाव शोधायचा प्रयत्न करा. सापडलं नाही तर बेलाशक दाबा. सापडलं तर दोघांत फरक कशाने पडतो ते ठरवा आणि पुढच्या खुणेत नेमकं तेवढंच ऐका.

समजा प्रश्न असा आला: साथीमुळे विद्यापीठ बंद पडलं आणि हा घरी परतला, संसदेत सदस्य होता, सरकारी टांकसाळीत मोठ्या पदावर होता आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचा याने पिच्छा पुरवला. ‘संसद’ आणि ‘टांकसाळ’ मिळून इंग्लंडकडे बोट दाखवतात, साथ आणि विद्यापीठ मिळून बहुधा सतराव्या शतकाकडे. पहिलं नाव न्यूटन. दुसरं शोधा. टांकसाळीशी संबंध धूमकेतूवाल्या हॅलीचाही होता. चेस्टरच्या टांकसाळीत तो उपनियंत्रक होता. जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याच्या वादात तत्त्वज्ञ जॉन लॉक होता. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन संसदेत होता. पण साथीमुळे घरी परतलेला विद्यार्थी, खासदार आणि खोट्या नाण्यांवाल्यांचा काळ, या तिन्ही गोष्टी एका माणसात म्हटल्यावर न्यूटनच उरतो. 1665मध्ये केंब्रिज बंद पडलं, 1696मध्ये तो टांकसाळीत गेला आणि विल्यम चॅलोनर नावाचा खोट्या नाण्यांचा बादशहा त्याच्याच पाठपुराव्यामुळे 1699मध्ये फासावर गेला. सफरचंदाची वाट कशाला बघायची?

काळ आणि ठिकाण ठरवणं हा यातला कणा आहे, आणि त्यासाठी पाठांतर लागत नाही. मी एक सराव सुचवतो तो आडव्या कापाचा. एखादं साल घ्यायचं आणि त्या साली जगात कोण कोण जिवंत होतं ते लिहायचं. 1600 घ्या. मुघल तख्तावर अकबर, लंडनमध्ये एलिझाबेथ पहिली आणि शेक्सपिअर, पादुआत गॅलिलिओ, दख्खनेत मलिक अंबर, जपानात त्याच वर्षी सेकिगाहाराची लढाई जिंकणारा तोकुगावा इएयासु. फेब्रुवारीत रोममध्ये जिओर्दानो ब्रूनोला जाळलं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. किंवा 1789 घ्या: महेश्वरला अहिल्याबाई, उत्तरेत महादजी शिंदे, श्रीरंगपट्टणला टिपू, पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, व्हिएन्नात मोझार्ट, कोनिग्जबर्गला कांट, पीटर्सबर्गला कॅथरिन आणि अमेरिकेत नुकताच अध्यक्ष झालेला वॉशिंग्टन. शाळेत आपण प्रत्येक देशाचा इतिहास वेगळ्या पुस्तकात वाचतो, म्हणून अहिल्याबाई आणि मोझार्ट एकाच वेळी जगात होते हे कुणी सांगितलं की दचकायला होतं. असे आठ-दहा काप स्वतः लिहून काढलेत की ‘याच्या मृत्यूच्या वेळी फ्रान्समध्ये राज्यक्रांती सुरू होती’ अशा खुणेने लगेच खिडकी उघडते.

ठिकाणाच्या बाबतीत ‘आजच्या’ या शब्दावर कान ठेवा. ‘आजच्या उझबेकिस्तानात जन्म’ असं कुणी म्हटलं, म्हणजे त्या वेळी तो देश नव्हता आणि प्रश्न काढणाऱ्याला जुनं नाव टाळायचंय. अंदिजान म्हटलं असतं तर अर्धा हॉल बाबर ओरडला असता. टेस्ला आजच्या क्रोएशियात जन्मला, तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं साम्राज्य होतं. कांटचं कोनिग्जबर्ग आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. मदर तेरेसांचं जन्मगाव स्कोप्ये 1910मध्ये ऑटोमन राज्यात होतं. सरहद्द सरकलेल्या जागांची अशी एक यादी डोक्यात असली की ‘आजच्या’ हा शब्दच खूण होतो.

तारखांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. 12 फेब्रुवारी 1809 ही तारीख सांगितली तरी दोन माणसं उरतात, लिंकन आणि डार्विन. 4 जुलै 1826 या मृत्युदिनाला जेफरसन आणि जॉन अॅडम्स. शिवाय पंचांगाचा घोळ आहेच. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस एकाच दिवशी वारले असं सर्रास सांगतात, पण इंग्लंड तेव्हा ज्यूलियन पंचांग पाळत होतं आणि स्पेन ग्रेगोरियन, त्यामुळे कागदावरची तारीख जुळली तरी दिवस जुळत नाही. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही तसंच. न्यूटनचा 25 डिसेंबर 1642 हा जुन्या पंचांगातला. गॅलिलिओचं पंचांग लावलं तर तो 4 जानेवारी 1643 होतो.

आता मजेचा भाग. चांगला प्रश्नकर्ता माणसाच्या मुख्य कामापासून सुरुवात करत नाही, तो बाजूच्या दाराने आत शिरतो. ‘तिसऱ्या घातांकाची समीकरणं भूमितीने सोडवली, सुलतानासाठी पंचांग सुधारून दिलं’ म्हटलं की लोक गणितज्ञांच्या रांगेत शोधत बसतात आणि उत्तर असतं उमर खय्याम. ‘उथळ पाण्यात अडकलेली नाव उचलण्याच्या युक्तीचं पेटंट’ हे 1849मध्ये लिंकनच्या नावावर आहे. पेटंट असलेला अमेरिकेचा तो एकमेव राष्ट्राध्यक्ष. तारयंत्राचा मोर्स अर्ध्या आयुष्यापर्यंत पेशाने चित्रकार होता. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे हे डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी ठेवणारे. जेफरसनने स्वतःच्या थडग्यावर काय कोरायचं ते लिहून ठेवलं होतं: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ. राष्ट्राध्यक्ष होतो हे त्यात नाही. म्हणून कुठलंही चरित्र वाचताना प्रसिद्ध गोष्टीचं पान भरभर उलटलंत तरी चालेल. आधीची नोकरी, बाजूचा नाद, कुणाकडे शिकला, कुणाशी वाजलं, कसा गेला, एवढं मात्र टिपून ठेवा.

काही खुणा अशा असतात की त्यासाठी काहीच माहीत असावं लागत नाही, नुसता विचार पुरतो. माझी आवडती: ‘दोघी बहिणींची नावं त्या ज्या शहरांत जन्मल्या त्या शहरांवरून ठेवली, थोरलीचं नाव त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून.’ शहराचं नाव मुलीला शोभेल असं कुठलं? शहरांची नावं मनात फिरवत बसलात तर फ्लॉरेन्सपाशी थांबताच. थोरली बहीण पार्थेनोपी, म्हणजे नेपल्सचं जुनं नाव, हे तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. त्यापुढे ‘संख्याशास्त्राच्या रॉयल सोसायटीची पहिली स्त्री सदस्य’ आलं की नाइटिंगेल पक्की, कंदील अजून यायचाच असतो. सोबतीच्या माणसांवरूनही असं जमतं. 1885च्या एका छायाचित्रात अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत, एक जपानची, एक सीरियाची. तिसरीचं नाव मराठी वाचकाला विचारायची गरज नाही, आनंदीबाई जोशी.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. प्रश्न सोडवताना सत्य काय यापेक्षा प्रश्नकर्त्याला काय सत्य वाटतं हे ओळखावं लागतं. ‘शाळेत गणितात नापास झालेला शास्त्रज्ञ’ हे ऐकलं की आइनस्टाइन लिहा आणि पॉइंट घ्या, मग भांडा. खरं तर तो गणितात पहिल्यापासून तरबेज. 1895मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा तो सोळाव्या वर्षी बसला आणि अडला तो इतर विषयांत. ‘बुटका सेनापती’ म्हटलं की नेपोलियन अपेक्षित असतो, त्याची उंची त्या काळच्या फ्रेंच पुरुषाला साजेशीच असली तरी. दंतकथांचा एक वेगळा कप्पा ठेवा, उपयोगी पडतो.

‘हो की नाही’ असे वीस प्रश्न विचारून ओळखायचा जो प्रकार आहे, त्यात हेच तत्त्व उघडं दिसतं. प्रत्येक प्रश्न उरलेल्यांचे बरोबर दोन भाग करत असेल तर वीस प्रश्नांत 10,48,576 नावांतून एक निवडता येतं. गंमत अशी की बहुतेक जण पहिला प्रश्न ‘पुरुष आहे का?’ हा विचारतात. पाठ्यपुस्तकातल्या इतिहासात पुरुषांचीच गर्दी, त्यामुळे दहातल्या आठ-नऊ वेळा उत्तर ‘हो’ येणार आणि हाती फारसं काही लागणार नाही. ‘1800 नंतर जन्म का?’ हा त्याहून किती तरी कामाचा. त्यानंतर भूखंड, त्यानंतर सत्तेवर होता की नाही.

आता प्रश्न काढण्याबद्दल. खुणांचा क्रम म्हणजे निम्मं काम. लाव्हॉझिए घ्या. ‘आधुनिक रसायनशास्त्राचा जनक’ पहिल्याच खुणेत टाकलंत तर प्रश्न तिथेच संपला. मी असा लावेन: बायकोने त्याच्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरं केली, त्याच्या पुस्तकातल्या आकृत्या काढल्या आणि तो गेल्यावर आणखी एका शास्त्रज्ञाशी लग्न केलं. मग: राजासाठी कर वसूल करणाऱ्या खासगी कंपनीत त्याची भागीदारी होती. मग: वजनमापांची नवी पद्धत ठरवणाऱ्या आयोगावर होता. मग: त्या करवसुलीपायीच 1794मध्ये इतर भागीदारांसोबत गिलोटिनवर गेला. शेवटी: ‘ऑक्सिजन’ हे नाव त्याने दिलं. दुसऱ्या आणि चौथ्या खुणेत धागा आहे, तो ज्याला दिसतो त्याला शेवटापर्यंत थांबावं लागत नाही. प्रत्येक खूण आधीच्यापेक्षा थोडी जास्त माणसं बाहेर काढते आहे ना, एवढं तपासा. मध्येच एखादी खूण सगळ्यांना बाहेर काढत असेल तर ती खाली सरकवा.

मराठीत प्रश्न लिहिताना क्रियापद सगळं फोडतं, हेही ध्यानात ठेवा. ‘गेली’ म्हटलं की स्त्री, ‘गेला’ म्हटलं की पुरुष. स्त्री आहे हे लपवायचं असेल तर सुरुवातीपासून ‘ही व्यक्ती’ धरून चला, म्हणजे सगळी रूपं स्त्रीलिंगी येतात आणि कुणाला काही कळत नाही. पण मग पुरुषांच्या प्रश्नांतही तेच करा. नाही तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत चलाख संघ ओळखतो की ‘ही व्यक्ती’ आलं म्हणजे बाई.

प्रश्नसंच तयार झाला की तो त्या विषयातल्या एका जाणकाराला आणि एका नवख्याला वेगवेगळा ऐकवा. जाणकार पहिल्या-दुसऱ्या खुणेला आणि नवखा शेवटच्या खुणेला पोचला तर संच जमला. नवखा शेवटीही अडला तर शेवटची खूण सोपी करा. जाणकाराने तुमच्या मनात नसलेलं, पण खुणांत बसणारं नाव सांगितलं तर त्या खुणा फेकून द्या, वाद घालत बसू नका. आणि उत्तरांच्या कागदावर पर्यायी नावं आधीच लिहून ठेवा: चंगीझ खान आणि तेमुजिन, मार्क ट्वेन आणि सॅम्युअल क्लेमेन्स, आनंदीबाई आणि माहेरची यमुना. कुणी दुसरं नाव सांगितलं तर पॉइंट द्यायचा की नाही, हे राउंड सुरू व्हायच्या आधी जाहीर करा.